ऑनलाईन वर्गालाही वसतिगृह हवे
(बी. ए. भाग २)

शिक्षणाची गंगा घरोघरी गेली पाहिजे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आता ती घरोघरीच काय, ज्याच्या-त्याच्या खिशात येऊन पोहोचली आहे. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील शेकडा ४० पर्यंत विषय त्यावरील अभ्यासक्रमांतून पूर्ण करण्याची मुभा दिली. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले आणि ‘क्रेडिट’ हा शब्द आपल्या कट्ट्यावर चहाइतकाच रुळला. शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या नावातही आता ‘ऑनलाईन’ हा शब्द आला आहे. तेव्हा ऑनलाईन शिक्षण यावे की न यावे, हा वाद आता संपल्यासारखाच आहे. ते आले आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, ते सुरू कसे करावे?

या प्रश्नाकडे आपण पुरेशा गांभीर्याने पाहत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. अभ्यासक्रम सुरू करायचा म्हणजे व्हिडिओ तयार करायचे, टिपणे चढवायची, लिंक पाठवायची आणि परीक्षेची तारीख जाहीर करायची, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. माझ्या मते ही सगळी तयारी म्हणजे नुसती इमारत झाली. शिकविणारा कोण हे मुलाला कळते, शेजारी कोण बसले आहे हे कळते, आणि आपण आलो नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल अशी त्याची खात्री पटते, तेव्हा वर्ग सुरू होतो. पहिल्या पंधरवड्यात हे घडले नाही, तर पुढचे उत्तमोत्तम धडेही वाया जातात. आणि त्यात सर्वांत आधी गळतात ती आमच्यासारखी, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले.

याचे उदाहरण शोधायला कोल्हापूरची वेस ओलांडण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, हे आपण सर्वजण जाणतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग उभे राहिले. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, राजाराम कॉलेज तर १८८० पासून होतेच. वर्ग होते, विद्वान प्राध्यापक होते. मग बोर्डिंगची गरज का पडली? कारण कॉलेजचे दार उघडे असणे आणि खेड्यातल्या मुलाला त्या दारातून आत येऊन टिकता येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे महाराजांनी ओळखले होते.

बोर्डिंगने मुलाला नुसती पथारी आणि दोन वेळचे जेवण दिले असे नाही. तेथे रात्री दिव्याखाली शेजारी बसून वाचणारा सोबती होता. ‘अरे, हे असे नाही, असे,’ म्हणून समजावणारा एक-दोन वर्षे पुढचा मुलगा होता. आजारी पडलास तर डोक्यावर हात ठेवणारा आणि वाया चाललास तर कान धरणारा अधीक्षक होता. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी असताना याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. पुढे १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग सुरू केले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. शिक्षणाचे मोठे काम करणाऱ्या या माणसांनी फळा आणि पुस्तक यांच्याइतकेच महत्त्व सोबतीला दिले. आपण मात्र ऑनलाईन अभ्यासक्रम काढताना फळा आणि पुस्तक तेवढे पाठवितो आणि सोबत विसरतो.

ही सोबत इतकी महत्त्वाची का, हे सुशिक्षित घरात वाढलेल्यांना कदाचित पटकन उमगणार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वडील फाउंड्रीत कामाला आहेत, आई घरी शिवणकाम करते. मी शिकावे ही त्यांची इच्छा माझ्याहूनही मोठी आहे. पण ‘मेजर’ म्हणजे काय, ‘मायनर’ म्हणजे काय, अंतर्गत मूल्यमापनाचा प्रकल्प कसा लिहितात, संदर्भग्रंथ कुठून आणतात, यातले काहीच त्यांना विचारता येत नाही. विचारले तर आई म्हणते, “सरांस्नी इचार की!” शिकलेल्या घरातील मूल जेवणाच्या ताटावर सहज जे शिकते, ते आम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर, ग्रंथालयाच्या रांगेत आणि कळंब्याला परतणाऱ्या केएमटीच्या बसमध्ये शिकतो. तास संपल्यावर सर व्हरांड्यातून चालत असतात, त्यांच्या मागे चार पावले जायचे, धीर गोळा करायचा आणि हळूच विचारायचे. त्या चार पावलांतच आमचे निम्मे शिक्षण होते. आमचे बोर्डिंग ते हेच. अभ्यासक्रम फोनवर जातो तेव्हा धडा आमच्यापर्यंत येतो, पण कट्टा, व्हरांडा आणि बस मागे राहतात. म्हणजे जी गोष्ट घर देऊ शकत नाही, नेमकी तीच आमच्या हातून जाते.

या वर्षी मी एक ऑनलाईन अभ्यासक्रम घेतला. तो कोणत्या संस्थेचा, हे सांगण्यात स्वारस्य नाही. असे अनुभव आपल्यापैकी अनेकांना आले असतील. पहिल्या दिवशी पडद्यावर नव्वदच्या आसपास नावे होती. चेहऱ्यांच्या जागी काळे चौकोन आणि त्यांत एकेक आद्याक्षर. पहिले वाक्य कानी आले ते असे : “सर्वांनी आपापले माईक बंद ठेवावेत.” त्यानंतर लगेच पहिले प्रकरण सुरू झाले. शिकविणारे विद्वान होते यात शंका नाही. परंतु ते कोण, कुठले, त्यांना शंका कधी आणि कशी विचारावी, हे त्या दिवशी कळले नाही आणि नंतरही कळले नाही. आमच्यापैकी एकाचेही नाव कुणी उच्चारले नाही. गणपतीपर्यंत नावे निम्मी झाली. दिवाळीनंतर मोजकीच उरली. माझ्याबरोबर राधानगरीकडची कुणी मुलगी त्याच वर्गात होती, हे मला परीक्षेच्या केंद्रावर समजले. आम्ही दोघी चार महिने एकाच ठिकाणी अडलो होतो आणि एकमेकींना ओळखत नव्हतो! यंत्राने आमची हजेरी रोज बिनचूक घेतली. शिकविणाऱ्याची हजेरी मात्र आम्हाला कधी जाणवली नाही.

ही रड फक्त आपल्याकडची आहे असे नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या दोन नामवंत संस्थांनी २०१२-१३ या पहिल्या वर्षात १७ खुले ऑनलाईन अभ्यासक्रम चालविले. त्यांना ८,४१,६८७ नोंदण्या झाल्या. प्रमाणपत्रे मिळाली ४३,१९६. म्हणजे शेकडा पाचच्या आसपास. अर्थात त्यांतील पुष्कळजण केवळ डोकावून पाहण्यासाठी आले असतील, हे मान्य केले पाहिजे. ज्याच्या हाती आधीच एक पदवी आहे, त्याने मध्येच अभ्यासक्रम सोडला तर त्याचे फारसे बिघडत नाही. आमचे तसे नाही. आमचे क्रेडिट अडले तर वर्ष अडते, आणि वर्ष अडले की घरात लग्नाचा नाहीतर नोकरीचा विषय निघतो.

कुणी म्हणेल, मग दुरून शिकणे होतच नाही का? होते, आणि उत्तम होते. इंग्लंडमधील मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि १९७१ पासून तेथे अध्यापन सुरू झाले. त्यांचे धडे रेडिओ-टेलिव्हिजनवरून जात. पण प्रत्येक विद्यार्थ्यामागे त्याच्या वह्या तपासणारा एक मार्गदर्शक असे, आणि उन्हाळ्यात आठवडाभराची निवासी शिबिरे भरत. आपल्याकडे १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. परंतु घरोघरी पुस्तके धाडून ते विद्यापीठ स्वस्थ बसले नाही. गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे काढली, तेथे संपर्कसत्रे ठेवली आणि विद्यार्थ्याशी बोलणाऱ्या माणसाला ‘समंत्रक’ असे सुंदर नाव दिले. गिरणीतला कामगार, अंगणवाडीची ताई, संसारात अडकलेली गृहिणी एका बाकावर बसत. दूरशिक्षणाचा मार्ग ज्यांनी घातला, त्यांनी वाटेत धर्मशाळाही बांधल्या होत्या. आज वाट गुळगुळीत झाली, पण धर्मशाळा ओस पडू लागल्या आहेत.

या विषयाचा शास्त्रीय विचारही झालेला आहे. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तीन अभ्यासकांनी २००० मध्ये असे मांडले की, संगणकावरून चालणाऱ्या वर्गात शिक्षण घडायचे तर तीन प्रकारचे अस्तित्व जाणवले पाहिजे. विद्यार्थ्यांना एकमेकांचे, सर्वांना मिळून चाललेल्या विचाराचे आणि शिकविणाऱ्याचे. भाषा विद्वानांची असली, तरी कोल्हापूरच्या माणसाला यात नवे काही वाटू नये. आपल्या गल्लीतील तालीम हेच सांगत आली आहे. नवे पोर तालमीत आले की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी धोबीपछाड शिकवीत नाही. आधी नाव-गाव विचारतो, माती उकरायला लावतो, जोर-बैठका मारायला लावतो आणि त्याच्या अंगापिंडाचा जोडीदार पाहून देतो. वस्ताद बाजूला गप्प बसलेला दिसतो, पण त्याची नजर हौद्यावर असते. पोर चार दिवस दिसले नाही, तर त्याच्या घरी निरोप जातो. डाव नंतर येतात. आधी नजर आणि जोडीदार.

फोनवरूनही हे करता येते, याचा अनुभव मी घेतला आहे. २०२० च्या जूनमध्ये मी नववीत होते. शाळा बंद होत्या. घरात फोन एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई, त्यामुळे दिवसाचे तास मला पाहायलाच मिळत नसत. अशा वेळी आमच्या एका बाई रोज संध्याकाळी पाच-पाच मुलांना पाळीने फोन करीत. आधी विचारत, “जेवलीस काय गं? वडील आले काय?” मग बीजगणित. बोलणे पाच मिनिटांचे असे. पण आठवड्यातून एकदा आपली पाळी येणार आणि बाई विचारणार, या जाणिवेने वही लिहून होई. बाईंकडे मोठे तंत्रज्ञान नव्हते. त्यांच्याजवळ यादी होती, आवाज होता आणि आमच्याविषयीची आस्था होती. इतर विषयांच्या वह्या कोऱ्या राहिल्या, तरी आम्हा मैत्रिणींची गणिताची वही भरलेली होती.

म्हणून ऑनलाईन अभ्यासक्रम सुरू करताना काही साध्या गोष्टी कराव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. पहिली गोष्ट, वर्ग सुरू होण्यापूर्वी लिंकबरोबर शिकविणाऱ्याचा आवाज यावा. दोन-तीन मिनिटे मराठीत बोललेला निरोप पुरे. मी अमुक, माझे गाव अमुक, हा विषय मला का आवडतो, आणि आठवड्यात अमुक वारी अमुक वेळी मी तुमच्यासाठी मोकळा आहे. दुसरी गोष्ट, पहिल्या आठवड्यात धडा नको, ओळख हवी. प्रत्येकाने नाव, गाव, फोन स्वतःचा की घरचा, अभ्यासाला वेळ कधी मिळतो, एवढे सांगावे. त्यातून शिकविणाऱ्याला वर्ग कळेल. रात्री दहानंतरच ज्यांच्या हाती फोन येतो, त्यांच्यासाठी सकाळी अकराची हजेरी ठेवण्यात अर्थ नाही, हेही कळेल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नव्वद जणांचा एकच जमाव न ठेवता सहा-सात जणांचे गट करावेत, आणि शक्य तेथे ते तालुक्यानुसार करावेत. करवीरचे एकत्र, पन्हाळ्याचे एकत्र, भुदरगडचे एकत्र. म्हणजे महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी किंवा गावच्या वाचनालयात त्यांना प्रत्यक्ष भेटता येईल. नव्वद जणांसमोर शंका विचारायला आम्हाला लाज वाटते. आपली बोली ऐकून कुणी हसेल, अशी भीती असते. सहा जणांत ती राहत नाही. शिवाय गटात एखादी मुलगी दोन आठवडे दिसली नाही, तर तिच्या घरी जाऊन येणारे कुणीतरी असते. चौथी गोष्ट, पहिला स्वाध्याय अगदी छोटा असावा आणि तो आठवड्याच्या आत नावानिशी उत्तर होऊन परत यावा. ‘छान’ एवढेच नको. ‘तुझा दुसरा मुद्दा पटला, तिसऱ्याला उदाहरण दे,’ अशी एक ओळ आली, की कुणीतरी आपले वाचले याची खात्री पटते. आणि पाचवी गोष्ट, आरंभी एकदा तरी सर्वांची समोरासमोर गाठ पडावी. एकदा पाहिलेला चेहरा पुढे आवाजातूनही दिसतो.

येथे एक खबरदारी घ्यावी लागेल. अस्तित्व जाणवले पाहिजे म्हणजे कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती करा, असे कुणी समजू नये. ज्या घरात एकाच खोलीत स्वयंपाक, झोप आणि अभ्यास होतो, त्या घरातील मुलीने कॅमेरा बंद ठेवला, तर तो तिचा आळस नव्हे. पाठीमागे टांगलेले कपडे आणि खोकणारी आजी नव्वद जणांना दाखवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. आवाज पुरे. कधी कधी लिहिलेला एक शब्दही पुरे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ज्याला शिकायचे आहे तो कसाही शिकतो. एकलव्याला कुठे वर्ग होता? एकलव्याचे उदाहरण आपल्याकडे फार सोयीने दिले जाते. पण त्या एकलव्यालाही गुरूची मातीची मूर्ती घडवून समोर ठेवावी लागली होती, हे आपण विसरतो. समोर कुणीच नाही, ही कल्पना त्यालाही सोसवली नाही. आणि एकलव्य एखादाच असतो. शिक्षणाची व्यवस्था हजारांसाठी उभारायची असते. जो कोणत्याही परिस्थितीत शिकतो त्याला व्यवस्थेची गरजच काय?

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे आणि तो आमच्या गुरुजनांचा आहे. एवढे फोन, एवढी उत्तरे, एवढे गट सांभाळायचे कुणी? आज महाविद्यालयांतून कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर काम करतात. त्यांना पैसे मिळतात ते तासाचे. संध्याकाळी विद्यार्थिनीला केलेला फोन कोणत्या तासात धरणार? माझे म्हणणे असे की, याच कारणासाठी तो तासात धरला पाहिजे. ओळख करून घेणे, विचारपूस करणे, वही वाचून उत्तर देणे, हे शिक्षकाचे फावल्या वेळचे उपकार नव्हेत. ते अध्यापनच आहे. बोर्डिंगच्या अधीक्षकाला कुणी फुकट राबविले नसते. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असावेत, याची मर्यादाही ठरली पाहिजे. ऑनलाईन म्हणजे एका प्राध्यापकावर हजार विद्यार्थ्यांची बोळवण, असा हिशेब कुणी मांडत असेल, तर त्याला शिक्षणापेक्षा पैशाची बचत अधिक प्रिय आहे असे म्हणावे लागेल.

विद्यार्थी मैत्रिणींच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आमच्या गल्लीत आता असे बोलणे ऐकू येते की, सगळे फोनवरच शिकवतात, तर पोरीला रोज बसने धाडायचे कशाला? ऑनलाईन शिक्षणाने जिला घराबाहेर पडणे शक्य नाही, तिच्यासाठी दार उघडले, याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण जी बाहेर पडू लागली होती, तिला पुन्हा घरात बसविण्यासाठी तेच निमित्त होऊ नये. महिन्यातून एकदा भेटणारा गट आणि नावाने ओळखणारे सर-मॅडम असले, तर त्या मुलीला घरी सांगायला एक कारण तरी राहील, की माझी तेथे वाट पाहतात.

म्हण आहे, ‘गाव करी ते राव न करी.’ सरकार यंत्रणा देईल, विद्यापीठ क्रेडिट देईल. वर्गाचे गाव मात्र शिकविणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांनाच वसवावे लागेल. त्यासाठी सगळे गुरुजनांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. पुढच्या वर्षी आपल्यापैकी अनेकजण ऑनलाईन विषय निवडतील. प्रथम वर्षाची मुले आपल्या मागोमाग येतील, आणि त्यांतही कुणाच्या तरी घरात विचारायला कुणी नसेल. त्या मुलांपैकी प्रत्येक पाच-सहा जणांमागे आपल्यातील एकाने उभे राहायचे ठरविले, तर बोर्डिंगमधला तो एक-दोन वर्षे पुढचा मुलगा पुन्हा भेटेल. नोंदणीच्या आठवड्यात ग्रंथालयातले एक टेबल आपण त्यासाठी मागून घेऊ या. गुरुजन नाही म्हणणार नाहीत, असा मला विश्वास वाटतो.